अठरा अंशांच्या दोन्ही बाजूंना

महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांमधून वनहक्काचे प्लॉट मोजत फिरताना हातातल्या जीपीएसनं जे शिकवलं, ते इथं लिहिते आहे. यंत्र साधंच आहे, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. शिकवलं ते मात्र पुष्कळ.

१. आकडा नुसता बरोबर असून भागत नाही, तो कुठल्या पद्धतीनं लिहिलाय हेही सोबत जावं लागतं. महाडहून पोलादपूरला जाताना गाव यायच्या थोडं आधी आपण १८ अंश अक्षांश ओलांडतो. रस्त्यावर त्याची खूण नाही. पण यंत्राकडे बघत बसलं की आकडे उतरत उतरत १८° ००' पर्यंत येतात आणि बघता बघता १७° ५९' दिसू लागतं. मला अजूनही त्या क्षणाचं अप्रूप वाटतं. माझं यंत्र मुळात असं अंश आणि मिनिटांत बोलतं, तर फोन अंशांच्या दशांशात. १८° ०५.५' म्हणजे फोनच्या भाषेत १८.०९१७. हेच ऐकणाऱ्यानं घाईत १८.०५५ असं टिपलं, तर ठिकाण चार किलोमीटर सरकतं. सपाटीवर चार किलोमीटर म्हणजे गाडीनं पाच मिनिटं. आमच्याकडे तेवढ्यात मधे एक डोंगर आणि एक नदी येते, शिवाय पावसाळ्यात नदीला पूर. म्हणून मोजणीच्या वेळी यंत्राच्या सेटिंगमध्ये मी अंशांचा दशांशच ठेवते, पाच दशांश स्थळांपर्यंत. पाचवा दशांश म्हणजे जेमतेम एक मीटर, त्यापुढचे आकडे सांगण्यात अर्थ नाही. फोनवर सांगितलं की समोरच्याकडून परत वाचून घेते.

२. नकाशा आणि यंत्र यांनी पृथ्वीचा आकार एकच धरलेला असतो, हे गृहीत धरता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट १८३० या मापावर काढलेल्या आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. दोन्हींचा मेळ न घालता यंत्रावरचा बिंदू जुन्या शीटवर मांडला, तर तो शंभरेक मीटर बाजूला पडू शकतो. वरंध घाटाच्या वरच्या कड्यावर पन्नास मीटर म्हणजे पठार की दरी, एवढा फरक. विभागाच्या नव्या ओपन सीरीज नकाशांना ही अडचण नाही, तेही डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. शिवाय ती अठरा अंशांची रेषा टोपोशीटचीही शीव आहे. महाड ४७ एफ मध्ये, पोलादपूर ४७ जी मध्ये. एकाच दिवसात दोन्हीकडे काम असलं की पिशवीत दोन्ही शीट घ्यायच्या.

३. ढग आड येत नाहीत, झाडं येतात. मला याचं खरंच आश्चर्य वाटलं. वीस हजार किलोमीटरवरून येणारा तो क्षीण संदेश जुलैतल्या काळ्याकुट्ट आभाळातून आणि धो धो पावसातून व्यवस्थित पोचतो, पण ओल्या पानांच्या दाट छताखाली अडखळतो. चंद्रगडाच्या पायथ्याशी ढवळ्याच्या बाजूला आणखी एक गोष्ट होते. दोन्ही बाजूंना कडे असल्यामुळे सॅटेलाइट फक्त डोक्यावरचे दिसतात, आणि काहींचा संदेश कातळावर आपटून उशिरा येतो. यंत्राला तेवढं अंतर जास्त वाटतं आणि बिंदू इकडेतिकडे उड्या मारतो. चार सॅटेलाइट मिळाले म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नाही, ते आभाळात पसरलेले हवेत. आणि महिनोन्‌महिने बंद असलेलं यंत्र चालू केलं की मोकळ्या जागी ठेवून द्यायचं. सगळ्या सॅटेलाइटचं वेळापत्रक उतरवून घ्यायला त्याला साडेबारा मिनिटं लागतात. तेवढ्यात वाडीत चहा होतो.

४. यंत्र क्षेत्रफळ देतं, जमीन माणसं दाखवतात. हे मला कातकरीवाडीत समजलं. एक आजी पुढं, मी मागं. "ताई, इथून त्या ऐनापर्यंत, मग ओहोळाच्या कडंनं," म्हणत त्या चालल्या होत्या. एका जागी थांबून त्यांनी कोयत्यानं कारवी बाजूला केली. खाली गडग्याचे दगड होते, शेवाळलेले, निम्मे मातीत गेलेले. सासऱ्यांनी रचलेला गडगा होता तो. कुठल्याही आभाळातून तो दिसला नसता. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, तीतही हेच आहे : उपग्रहचित्रं आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक असेल, त्यांची जागा घेणार नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा असतो, आणि त्या तारखेचं यंत्राला काय माहीत? म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर पॉइंट घेतला की वहीत चतुःसीमा लिहायची : ऐन, गडगा, ओहोळ, शेजाऱ्याची नाचणी.

आता हिशेबाचं. २० गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट धरला तर बाजू ४५ मीटर. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेश मुद्दाम धूसर करत असे, चूक शंभर मीटरपर्यंत जाई. म्हणजे अख्खा प्लॉटच त्या चुकीत बुडाला असता. आता चूक चार-पाच मीटरची. तरी १८० मीटरच्या परिघाला पाच मीटर चूक एकाच दिशेनं, सगळीकडे बाहेर किंवा सगळीकडे आत लागली, तर आठ-नऊ गुंठे इकडचे तिकडे होतील. तसं सहसा होत नाही. सलग मोजलं की सगळ्या कोपऱ्यांना चूक जवळपास सारखीच लागते, प्लॉट जरा सरकतो, पण आकार टिकतो. अर्धा प्लॉट आज आणि अर्धा पुढच्या आठवड्यात मोजला की हा फायदा गेला. ट्रॅक घेत चालायचं असेल तर नोंद वेळेवर न ठेवता अंतरावर ठेवते. नाहीतर गप्पा मारायला जिथं थांबलो तिथं ठिपक्यांचं जाळं होतं.

आणि उतार. यंत्र सपाटीतलं क्षेत्र देतं, सातबाराही तसाच असतो. पण तीस अंशांच्या वरकस उतारावर नांगरणाऱ्याला पायाखाली २३ गुंठे लागतात, कागदावर २० येतात. हे आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर तीन गुंठे कुणीतरी खाल्ले असं वाटतं. आणि वाटणारच, जमिनीच्या बाबतीत या माणसांचा अनुभवच तसा आहे.

५. उंचीवर फार जीव टाकू नये. जीपीएसची मूळ उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, आणि कोकणात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठेक मीटर खाली आहे. चांगलं यंत्र ती दुरुस्ती स्वतः करतं, फोनमधली काही ॲप करत नाहीत. हवेच्या दाबावर उंची काढणारं यंत्र असेल तर पावसाळी कमी दाबात ते रात्रभर टेबलावर पडल्या पडल्याही डोंगर चढतं.

६. पॉइंटला नाव देणं हे पॉइंट घेण्याइतकंच मोठं काम आहे. गावोगावी सुतारवाडी, बौद्धवाडी, धनगरवाडी. माझ्या यंत्रात देवनागरी नाही, त्यामुळे रोमनमध्ये नुसतं वाडीचं नाव टाकलं तर सगळं एकच. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली, ती कोंडाळकरवाडीवर. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही घरं गाडली गेली. महाड पाण्याखाली, रस्ते बंद. अशा वेळी बाहेरून येणाऱ्या पथकाला गावाचं नाव पुरत नाही. नेमकी वाडी कुठली आणि कुठल्या बाजूनं जायचं, ते हवं असतं. तेव्हापासून ज्या वाडीत प्लॉट मोजायला जाते तिथं आधी गाव, मग वाडी अशा नावानं तीन पॉइंट जास्त घेते : शाळा किंवा देऊळ, गाडी जिथवर जाते ती जागा, आणि हेलिकॉप्टर उतरेल असा सपाट तुकडा. सेल गेले, टॉवर पडला तरी हाताशी असावं म्हणून यादी कागदावर काढून सरपंच आणि आशाताईंकडे ठेवते, आकडे दशांश अंशांत आहेत हे वर ठळक लिहून. पुनर्वसन झालेल्या वाडीला नवं नाव आणि नवे पॉइंट देते. जुने पुसत नाही. घरं हलली तरी शेती जुन्याच जागी असते, आणि लावणीच्या दिवसांत माणसं तिथंच सापडतात.