अंबाझरीच्या पाळीवरून

नागपूरच्या पश्चिमेस असलेल्या अंबाझरी तलावाकडे जाण्यासाठी आश्विन-कार्तिकातील सकाळ निवडावी. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने तलाव तुडुंब असतो आणि वैदर्भीय उन्हाचा ताप फेरफटक्यास बाधत नाही. मेट्रोने सुभाषनगरला उतरल्यास पुढची वाट पायी उरकते. आज शहर पेंच आणि कन्हानचे पाणी पिते. तथापि नागपूरकरांच्या घरी नळाने पाणी आले ते प्रथम याच तलावातून, आणि ते ज्या मातीच्या पाळीने तोलून धरले, ती पाळ हेच येथील खरे प्रेक्षणीय स्थळ आहे.

मध्यप्रांत सरकारच्या सेवेतील अलेक्झांडर बिनी या तरुण अभियंत्याने १८७३ च्या सुमारास ही योजना तडीस नेली. पुढे लंडनमध्ये टेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा खोदविणारा तो हाच. नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरांच्या पाणलोटात पडणारा पाऊस आणि त्यातून वाहून येणारे पाणी त्याने १८६९ व १८७२ मध्ये चिकाटीने मोजले, आणि त्या मोजणीवरून बांधलेले कोष्टक जलविज्ञानाच्या पुस्तकांत अद्याप शिकविले जाते. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर त्याचा १५ टक्के भाग वाहून येतो आणि १००० मिलिमीटर असेल तर ३८ टक्के, असे ते कोष्टक सांगते. म्हणजे पाऊस दुप्पट झाला, तर तलावात येणारे पाणी पाचपट होते.

हे ध्यानी घेऊन प्रथम सांडव्यापाशी जावे. माथ्यावरून पाणी वाहू लागले की मातीचे धरण धुपून जाते, म्हणून त्याचे सारे आयुष्य सांडव्यावर अवलंबून असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तलाव भरभरून वाहिला आणि पायथ्याच्या अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट या वस्त्यांत नाग नदी शिरली. पाळ मात्र टिकली.

पाळीवर जाण्यास मज्जाव असेल तर तो मानावा. मुभा असेल तर माथ्यावरूनच सावकाश चालावे. पाण्याकडील दगडी पिचिंगचा एकही दगड हलवू नये, शहराकडील उतारावरून घसरत उतरू नये. घुशींची बिळे, माथ्यावरील भेगा आणि खोल मुळे सोडणारी झाडे डोळ्यांखालून घालावीत. मेलेल्या मुळाच्या जागी उरलेली पोकळी पाण्याला आयती वाट देते. उन्हाळ्यातही हिरवागार राहणारा गवताचा पट्टा दिसला, तर तेथे पाझर आहे असे समजावे. पाझराचे पाणी नितळ असेल तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. ते गढूळ असेल तर पाळीच्या पोटातील माती त्याबरोबर वाहून चालली आहे. असे गढूळ पाणी दृष्टीस पडल्यास, कृपा करून त्याच दिवशी महानगरपालिकेस वर्दी द्यावी.