कुंभकोणचा कुंभ आणि सागरात बुडालेले पुहार

कावेरीकाठच्या कुंभकोणम् क्षेत्राची कथा प्रलयापासून आरंभ पावते. सृष्टीची बीजे व अमृत ज्यात साठविले होते तो कुंभ महाजलावर तरंगत येथे येऊन थांबला, किरातरूपी शंकराने तो बाणाने फोडला आणि अमृत सांडले तेथे तीर्थे झाली, असे स्थलपुराण सांगते. दर १२ वर्षांनी गुरू सिंहेस आला म्हणजे माघमासी महामहम् तीर्थावर लक्षावधी भाविक स्नान करतात; मागील पर्व २०१६ साली झाले, पुढील २०२८ साली येईल. हे क्षेत्र एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते, तेव्हा मराठी वाचकास ते परके नाही. परंतु हीच कावेरी पुढे जेथे समुद्रास मिळते, तेथे बुडालेल्या नगराची वार्ता आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

ते नगर म्हणजे चोळांचे बंदर कावेरीपूंपट्टिनम्, अर्थात् पुहार. ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्यात त्याचे समुद्राकडील व भूमीकडील असे दोन भाग आणि त्यांमधील बाजारपेठ यांचे सविस्तर वर्णन आहे. ‘मणिमेकलै’ म्हणते की, राजाकडून इंद्रोत्सव राहून गेला आणि समुद्राने नगर गिळले. येथे द्वारकेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मौसलपर्वात द्वारका बुडताना पाहणारा अर्जुनच आहे. ज्याने गीता ऐकली तोच.

मग ही वार्ता अक्षरशः सत्य मानावी, की कविकल्पना म्हणून सोडून द्यावी? गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एखाद्याच कार्याला सर्वस्व समजून, कारणाचा विचार न करता त्यास चिकटून राहणारे ज्ञान तेथे तामस ठरविले आहे. पुहारच्या बाबतीत हा निकष दोन्ही पक्षांस लागू पडतो.

भूमीवरील पुरावा भक्कम आहे. १९६० नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात कीळैयूर येथे विटांचा धक्का व त्यालगतचे लाकडी खांब मिळाले. त्या लाकडाचा काळ कार्बन-परीक्षेने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा ठरला. पल्लवनेश्वरम् येथे बौद्ध विहार उघडकीस आला. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने समुद्रतळ धुंडाळण्यास प्रारंभ केला आणि १९९१ साली सुमारे २३ मीटर खोलीवर घोड्याच्या नालासारखी एक आकृती आढळली.

येथेच घाई झाली. ती जागा कोरडी असण्यास समुद्राची पातळी पुष्कळ खाली हवी, तशी ती ११,००० वर्षांपूर्वी होती, म्हणून नगरही तितकेच जुने, असा तर्क एका परदेशी लेखकाने मांडला व तो फार लोकप्रिय झाला. पण खोलीवरून केवळ भूमी केव्हा पाण्याखाली गेली असेल एवढेच कळते. दगड मनुष्याने रचले की निसर्गाने, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच थरातील खापर, कोळसा अथवा लाकूड हाती यावे लागते. कावेरीने शतकानुशतके आणलेला गाळ तळावर साचलेला, पाणी गढूळ. त्यामुळे वरवरच्या बुड्यांनी हा निर्णय व्हावयाचा नाही. ध्वनिलहरींनी गाळाखालील रचना टिपून, नंतर निवडक ठिकाणी गाळ उपसून शास्त्रशुद्ध उत्खननच केले पाहिजे.

विलंबास मात्र वाव नाही. दक्षिणेस जवळच तरंगंबाडी येथे चौदाव्या शतकातील मासिलामणिनाथ मंदिराचा पुढील भाग समुद्राने प्रत्यक्ष खाऊन टाकला आहे. २००४ च्या त्सुनामीचा तडाखाही याच किनाऱ्यास बसला. तामिळनाडू शासनाने २०२५ च्या अर्थसंकल्पात कावेरीपूंपट्टिनम् ते नागपट्टिनम् या पट्ट्यातील समुद्रतळाच्या शोधाची घोषणा केली, हे योग्यच झाले. असे काम एका ऋतूत आटोपणारे नव्हे, वर्षानुवर्षे द्रव्य व पाणबुडे पुरवावे लागतील.

गृहस्थाश्रमी यात्रेकरूकडूनही थोडे साहाय्य होऊ शकेल. महामहमास गेल्यावर मायिलाडुतुरैमार्गे पुहारपर्यंत अवश्य जावे. ओहोटीच्या वेळी वाळूत जुनी वीट वा खापर उघडे पडलेले दिसल्यास देवघरात ठेवण्यासाठी उचलून आणू नये; जागेवरून हलविलेल्या विटेला आपला थर पुन्हा सांगता येत नाही. ती जेथे आहे तेथेच राहू द्यावी आणि पुरातत्त्व खात्याच्या स्थानिक कार्यालयास ठिकाण कळवावे.