आवाजांचे संगीत : वर्गाने मिळून करावयाचा एक प्रयोग

प्रयोगशाळेत निरीक्षण म्हटले की आपण डोळे सरसावतो. द्रावाचा रंग बदलला का, तापमापीतला पारा किती चढला, हे सारे डोळ्यांचे काम. पण कान हेदेखील एक उत्तम उपकरण आहे. सुमारे २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी तो टिपतो आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखतो. या लेखात आपण कानांनी करावयाचा एक प्रयोग पाहू या. त्यासाठी जगातल्या एका आगळ्या संगीताची ओळख करून घ्यावी लागेल.

सुरुवात घराजवळून करू. सांगली जिल्ह्यातले मिरज शहर तंतुवाद्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी घडवल्या जातात. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची तार ज्या रुंद घोडीवरून जाते, तिच्या पृष्ठभागाला अगदी हलकी गोलाई दिलेली असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. धागा योग्य जागी आला की साधी वाटणारी तार एकाएकी गुंजू लागते. यालाच ‘जवारी लागली’ असे म्हणतात.

येथे काय घडते? पुस्तकातला नियम असा, की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम उपस्वर निघू नयेत. कारण त्यांचा निस्पंद बिंदू नेमका तेथेच असतो. परंतु तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात! चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवरील लेखात ही गोष्ट दाखवून दिली. कंप पावणारी तार घोडीच्या गोलाईला पुनःपुन्हा स्पर्श करते आणि त्यामुळे नवे उपस्वर जन्माला येतात. म्हणजे मिरजेचा कारागीर धागा सरकवतो तेव्हा तो स्वराची उंची बदलत नाही, तर त्याचा पोत बदलतो. हा पोत, म्हणजेच ध्वनीचा गुण, लक्षात ठेवा.

आता मिरजेहून पॅरिसला जाऊ. तेथील नभोवाणीत पिएर शेफर नावाचे अभियंते काम करीत. १९४८ साली त्यांनी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. मग ते तुकडे निवडून, पुनःपुन्हा वाजवून आणि एकमेकांना जोडून त्यांनी सुमारे तीन मिनिटांची एक रचना तयार केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती नभोवाणीवरून प्रसारित झाली. गायक नाही, वादक नाही, केवळ ध्वनिवर्धकातून येणारा आवाज! मुद्रित किंवा विजेच्या साहाय्याने निर्माण केलेल्या ध्वनींपासून रचलेल्या अशा संगीताला आपण विद्युत्-ध्वनिसंगीत म्हणू या. पुढे जर्मनीतील कोलोन येथे कार्लहाइन्झ स्टॉकहाउसेन यांनी एका मुलाच्या आवाजात विद्युत्-स्वर मिसळून रचना केली. ती १९५६ साली श्रोत्यांपुढे सादर झाली. आपल्या देशातही १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. गीता साराभाई, अतुल देसाई प्रभृतींनी त्यावर रचना केल्या. त्या ध्वनिफिती दीर्घकाळ पडून होत्या. २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

या संगीताची मुख्य साधने चार :

१. गती बदलणे. २०० हर्ट्‌झचा मुद्रित स्वर दुप्पट गतीने वाजवला तर तो ४०० हर्ट्‌झचा होतो, म्हणजे एक सप्तक वर जातो. मात्र त्याचा काळ निम्मा होतो.

२. कापणे. घंटेच्या आवाजातून सुरुवातीचा टोला काढून टाकला तर उरलेला नाद फुंकवाद्यासारखा भासतो. आवाज ओळखण्यात आरंभीच्या क्षणाचा वाटा किती मोठा असतो, हे शेफर यांना येथेच उमगले.

३. उलटे वाजवणे. घंटेचा नाद हळूहळू फुगत जातो आणि टोल्यापाशी एकदम तुटतो.

४. पुनरावृत्ती. एकच तुकडा वारंवार ऐकला की तो कशाचा आवाज आहे हे मन विसरते, आणि आवाजच ऐकू येऊ लागतो.

तुम्ही विचाराल, “पण याला संगीत म्हणायचे का?” प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर दुसऱ्याकडून घेऊ नका, ऐकून ठरवा. मात्र एकट्याने नव्हे, वर्गाने मिळून ऐका. असे का, ते सांगतो.

१९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. (उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा, दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.) आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती जमत, अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत. असे २० कार्यक्रम झाले. पुढे अभ्यासकांनी तुलना केली तेव्हा असे दिसले, की श्रोतृमंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. विषय शेतीचा होता, संगीताचा नव्हे. पण ऐकल्यानंतर बोलणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यावरून कळते.

आता आपला प्रयोग. चार विद्यार्थ्यांच्या गटाने मोबाइलवर परिसरातील पाच आवाज प्रत्येकी अर्धा मिनिट मुद्रित करावेत. सांगलीच्या बाजारातला हळदीचा सौदा, कृष्णेच्या घाटावरचे पाणी, गुऱ्हाळाचा चरक, चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्की, गजी नृत्याचा ढोल असे काहीही चालेल. एखाद्या आवाजाची गती बदलावी किंवा आरंभ कापावा. मग वर्गात ध्वनिवर्धक पडद्याआड ठेवून ते वाजवावेत.

ऐकणाऱ्यांसाठी नियम :

(अ) डोळे मिटून ऐका. आवाज संपेपर्यंत कोणीही बोलू नये.

(आ) प्रत्येकाने वहीत चार गोष्टी लिहाव्यात : उंची, तीव्रता, गुण आणि काळ. आवाज कशाचा आहे हे लिहू नये.

(इ) सर्वांचे लिहून झाल्यावरच क्रमाने वाचून दाखवावे. शिक्षकांनी शेवटी बोलावे.

(ई) तोच आवाज पुन्हा ऐकावा आणि मत बदलले असल्यास तसे नोंदवावे.

लिहिण्याआधी बोलायचे नाही, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. एकाने “आगगाडी!” म्हटले की सगळ्यांना आगगाडीच ऐकू येते, आणि चाळीस निरीक्षणांचे एकच निरीक्षण उरते. आपल्या कानाने जे टिपले ते आधी कागदावर उतरवणे हा शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा आहे. दुसऱ्याचे ऐकून पुन्हा तपासणे हाही शास्त्राचाच भाग आहे. दोन्ही हवेत, पण याच क्रमाने.

आणखी एक गोष्ट. मिरज जंक्शनवर एके काळी रुंदमापी, मीटरमापी आणि अरुंदमापी अशा तिन्ही गाड्या येत. वाफेच्या इंजिनांचा तो धापा टाकणारा आवाज आता तेथे ऐकू येत नाही. ज्याचे मुद्रण झाले नाही तो कायमचा गेला. तुमच्या गावातले आज सहज कानांवर पडणारे काही आवाजही उद्या नसतील. तेव्हा मुद्रण करताना प्रत्येकाचे स्थळ, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. वर्षाअखेरीस शाळेजवळ तुमच्या परिसराचा एक छोटा ध्वनिसंग्रह तयार होईल.

स्वाध्याय : (१) ३०० हर्ट्‌झचा, ४ सेकंदांचा मुद्रित स्वर निम्म्या गतीने वाजवल्यास त्याची कंप्रता व काळ किती होईल? (२) तंबोरा आणि ध्वनिकाटा एकाच पट्टीत असले तरी वेगळे का ऐकू येतात? (३) तुमच्या वर्गात सर्वाधिक मतभेद कोणत्या आवाजाबद्दल झाले, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर किती जणांचे मत बदलले?