गहाण पडलेले सोने

घरचा खर्च मिळकतीबाहेर गेला, म्हणजे अंगावरचे दागिने सावकाराच्या तिजोरीत जातात. राष्ट्राचेही असेच असते. परदेशातून खनिज तेल आणावयाचे, तर त्याचे मोल बहुधा डॉलरमध्ये द्यावे लागते. हे परकीय चलन मिळते ते निर्यातीतून आणि परदेशी गेलेल्या स्वजनांनी धाडलेल्या पैशांतून.

१९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेल महागले, आखातातील हजारो भारतीयांना काम सोडून परतावे लागले. १९९१ च्या मध्यास आपल्या गंगाजळीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले. नवे कर्ज मिळेना. तेव्हा जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला पाठविले आणि ते तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. त्याच महिन्यात रुपयाचे मूल्यही दोनदा उतरविण्यात आले. त्यामुळे भारतीय माल परदेशी ग्राहकांस स्वस्त पडू लागला. परंतु बाहेरून येणाऱ्या वस्तूंसाठी येथे अधिक रुपये मोजावे लागले.

सोने गहाण पडले, पण कर्जाची परतफेड चुकली नाही. राष्ट्राची पत सोन्याहून मोलाची असते, ती अशी.