फार्मसीचा फॉर्म : लॉगिन कोणाच्या हातात?

बारावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूममध्ये रोज एक तरी पालक येतात आणि एकच वाक्य बोलतात, "सर, पोरीला फार्मसीला टाकायचंय." डी की बी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "ते तुम्हीच सांगा. पुढं मेडिकल टाकता आलं पाहिजे, एवढंच."

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर चार मेडिकल दिसतात. डोळ्यांसमोर दिसणारा आणि गावात राहून करता येणारा हा व्यवसाय आहे, म्हणून पालक तो निवडतात. अडचण निवडीत नसते, फॉर्म भरण्यात असते.

शेवगाव तालुक्यातली आमची एक विद्यार्थिनी. वडील कांदा आणि थोडा ऊस करणारे, ओबीसी प्रवर्ग, जातवैधता प्रमाणपत्र हातात, सीईटीचा पर्सेंटाइलही बरा. २०२४ सालची गोष्ट. त्या वर्षी फार्मसीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या होत्या. इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू झाले तरी फार्मसीचा पत्ता नव्हता. मैत्रिणी कॉलेजला जायला लागल्या, घरात धाकधूक सुरू झाली. अशात एक 'प्रवेश मार्गदर्शक' घरी आला. म्हणाला, "जागा संपत आल्यात. कागदपत्रं द्या, बाकी मी बघतो." त्यानं मूळ दाखले नेले, पासवर्डही नेला. नोंदणी करतानाच मोबाईल नंबर त्याचा टाकला होता, त्यामुळे मेसेज आणि ओटीपी त्याच्याकडेच जायचे.

प्रवेश झाला. कांद्याचे आलेले पैसे पहिल्या हप्त्यात गेले. चार महिन्यांनी ती महाडीबीटीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा उलगडा झाला. गुणवत्ता यादीत तिचं नाव होतं, पण ऑप्शन फॉर्म भरलाच नव्हता. प्रवेश संस्था पातळीवरच्या जागेवर झाला होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं होतं. अट दोनच गोष्टींची : कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून. पहिली अट ती पूर्ण करत होती. दुसरी कोणीतरी तिच्या वतीनं घालवली होती. प्रवेशाचा प्रकार नंतर बदलून मिळत नाही. चार वर्षांची फी वडील भरत आहेत.

दोष फक्त त्या माणसाचा नाही. त्या वर्षी मी वर्गाच्या ग्रुपवर सूचना 'फॉरवर्ड' केली आणि काम झालं असं समजलो. हा लेख त्यासाठी.

डी की बी?

डी.फार्म म्हणजे दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. बारावी विज्ञान, भौतिक आणि रसायन सक्तीचे, सोबत जीवशास्त्र किंवा गणित. प्रवेश बारावीच्या गुणांवर, सीईटी लागत नाही. ही प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय राबवतं.

बी.फार्म चार वर्षांचं. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी द्यावी लागते, पीसीबी किंवा पीसीएम कोणताही ग्रुप चालतो. शिवाय बारावीला ग्रुपमध्ये किमान ४५% गुण हवेत. राज्यातील मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ४०%. सीईटी २०० गुणांची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी आमची मुलं प्रश्न कोरे सोडून येतात! साधारण २०% भार अकरावीवर असतो. अकरावी 'आरामात' काढणाऱ्या मुलांना हे आधीच सांगायला हवं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही पालकांना समजावून द्या. ८० पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ऐंशी गुण नाहीत. परीक्षा दिलेल्या शंभरातल्या साधारण ऐंशी जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, असा त्याचा अर्थ.

दुकान टाकायचं तर दोन्ही चालतात. औषध दुकानाच्या परवान्याला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि पदविकाधारकाचीही महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी होते. कंपनी, संशोधन, पुढे एम.फार्म असं डोक्यात असेल तर बी.फार्म. डी.फार्म करून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. घरची परिस्थिती बेताची आणि सीईटीत गुण कमी, अशा मुलाला मी हा रस्ता सांगतो. वर्ष वाया घालवून पुन्हा सीईटी देण्यापेक्षा मला तो बरा वाटतो. काही सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे.

एक गोष्ट मात्र वर्गात स्पष्ट बोला. 'सर्टिफिकेट भाड्यानं द्यायचं आणि घरी बसून पैसे घ्यायचे' या हिशेबानं कोणी फार्मसीला येत असेल तर त्याला थांबवा. फार्मसी कायदा १९४८ चा आहे. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यावं, असं त्याच्या कलम ४२ मध्ये आहे. नाव आपलं आणि गोळ्या दुसरा देतो, यात पेशंटचा जीव असतो.

कागद दोन वर्षं आधी

अर्ज जूनमध्ये भरायचा असला तरी त्याची खरी सुरुवात अकरावीच्या दिवाळीत होते. सगळ्यात जास्त वेळ जातवैधता प्रमाणपत्र खातं. जात प्रमाणपत्र वेगळं आणि वैधता वेगळी, हेच बऱ्याच घरांत माहीत नसतं. वैधतेसाठी जुना पुरावा लागतो : ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा.

एवढा जुना कागद शेतकऱ्याच्या घरात कुठून येणार? तो असतो जिल्हा परिषदेच्या शाळेत. जनरल रजिस्टरच्या फाटक्या पानावर आजोबा-पणजोबांच्या नावापुढं जात लिहिलेली असते. प्राथमिक शाळेतल्या शिक्षक बंधू-भगिनींनो, कोणी निर्गम उतारा मागायला आलं तर "रजिस्टर सापडत नाही" असं चटकन म्हणू नका. त्या एका पानावर एखाद्या मुलीची राखीव जागा अडलेली असते. रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून ठेवले तर आपलंही काम सोपं होतं.

नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. घरात गेल्या खेपेचं पडलेलं असतं, पालक तेच आणतात. तारीख बघा. फी-सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिवाय अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र हेही बारावीच्या परीक्षेआधीच काढून ठेवावेत. जूनमध्ये सेतू केंद्राची रांग आणि सर्व्हर दोन्ही थकलेले असतात.

नावातला फरक हा आणखी एक छळ. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, मार्कशीटवर तिसरं. दहावीच्या आधी दुरुस्त करणं सोपं, नंतर फार अवघड. काही पालक विचारतात, जुन्या दाखल्यावर 'अहमदनगर' आहे, आता चालेल का? जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, दाखला देणारं कार्यालय तेच आहे. तेवढ्यासाठी नवा दाखला काढायला धावू नका.

ऑप्शन फॉर्म

खरी फसगत इथे होते. नोंदणी केली, कागदपत्रं तपासून झाली, गुणवत्ता यादीत नाव आलं की पालकांना वाटतं, झालं. पण त्यापुढं कॉलेजांचा पसंतीक्रम स्वतः भरायचा असतो. तो भरला नाही तर यादीतलं नाव नुसतंच यादीत राहतं.

पसंतीक्रमाबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. 'मोठं कॉलेज पहिलं लिहिलं आणि ते मिळालं नाही तर खालचंही हातचं जातं.' तसं होत नाही. समजा एका मुलानं अ, ब, क अशी तीन कॉलेजं लिहिली. त्याचा क्रमांक आला की संगणक आधी अ मध्ये त्याच्यासाठी जागा आहे का बघतो. नसेल तर ब, तिथंही नसेल तर क. क मध्ये त्याच्या मागचा मुलगा, क पहिलं लिहिलं म्हणून पुढं जात नाही. जागा गुणवत्तेवर मिळते. म्हणून जे खरोखर हवं ते वर लिहायचं आणि यादी लांब ठेवायची.

पण एक कॉलेज सगळ्यात वर लिहिलं आणि तेच मिळालं तर जागा आपोआप 'फ्रीज' होते, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून शेजारच्यानं सांगितलं म्हणून कोणाला पहिला क्रमांक देऊ नये. खालचा पर्याय मिळाला तर जागा स्वीकारून 'बेटरमेंट'साठी थांबता येतं, मात्र वरचं मिळालं की आधीची जागा जाते. हे वाक्य पालकांकडून दोनदा म्हणून घ्या.

मार्गदर्शक सांगतो, "कॅपची वाट बघू नका, आपली डायरेक्ट जागा आहे." खाजगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण २०% जागा संस्था पातळीवर भरतात, त्या बेकायदा नाहीत. ज्याला फी-सवलत नकोच आहे त्यानं त्या खुशाल घ्याव्यात. पण आमच्या वर्गातल्या बहुतेक घरांना सवलत हवी असते. त्यांच्यासाठी पहिला रस्ता कॅपचा.

कॉलेज बघताना

जिल्ह्यात लोणीला प्रवरा, विळद घाटात विखे पाटील फाउंडेशन, कोपरगावला संजीवनी, संगमनेरला अमृतवाहिनी, सोनईला मुळा एज्युकेशन सोसायटी अशी जुनी नावं आहेत. अलीकडे त्यात बरीच भर पडली. त्यामागं एक कारण आहे. भारतीय फार्मसी परिषदेनं २०१९ मध्ये नव्या फार्मसी कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी ठरवली होती. केवळ ठराव करून अशी बंदी घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आणि दार उघडलं. त्याआधी मार्च २०२० मध्ये न्यायालयानं हेही ठरवून दिलं होतं की फार्मसी शिक्षणाच्या बाबतीत अंतिम अधिकार याच परिषदेचा.

म्हणून इमारत बघण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं नाव, त्या वर्षाची मान्यता आणि जागांची संख्या बघा. मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलं तर शेवटी फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच अडते, आणि नोंदणीशिवाय मेडिकल टाकायचं स्वप्न संपलं. बी.फार्मच्या फीबद्दल शंका असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेला आकडा बघता येतो. पावतीवर त्याहून जास्त आकडा दिसला तर विचारायचा हक्क आहे. आणि मूळ दाखले कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. यूजीसीनं २०१८ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या. कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, तर घरी आलेल्या मार्गदर्शकाला कसे देणार?

शासकीय कॉलेज जिल्ह्यात नाही. जवळचं छत्रपती संभाजीनगरला, दूरचं कराडला. पर्सेंटाइल चांगला असेल तर ते यादीत सगळ्यात वर ठेवायला घाबरू नका. फीतला फरक मोठा आहे, वसतिगृहाचा खर्च धरूनही.

वर्गात मी काय करतो

डिसेंबरमध्ये दोन तासिका. पहिल्या तासाला प्रत्येक जण घरच्या कागदांची यादी आणतो : काय आहे, काय नाही, कोणत्या कागदाची मुदत कधी संपते. दुसऱ्या तासाला कोऱ्या कागदावर खोटा ऑप्शन फॉर्म. किमान आठ कॉलेजं, प्रत्येकासमोर गावातून जायला लागणारा वेळ, एसटीचा पास की खोली, मान्यता पाहिली का, आणि हे कॉलेज वर का लिहिलं याचं एक वाक्य. गेल्या वेळी एकानं कारण लिहिलं होतं, "मावशी तिथे राहते." मी ते चूक धरलं नाही. राहण्याचा खर्च वाचणं हेही कारणच आहे. पण त्याच्या यादीत ते एकच कॉलेज होतं, म्हणून कागद परत दिला.

मग फळ्यावर अ, ब, क लिहून आम्ही गुणवत्ता यादी चालवतो. मुलं स्वतः उमेदवार होतात, बाकं म्हणजे जागा. दोन फेऱ्या केल्या की बेटरमेंट कोणालाही वेगळं समजवावं लागत नाही.

शेवटची दहा मिनिटं पालकांसाठी. त्या दिवशी पालकांना बोलावलेलं असतं आणि तिथेच ईमेल आयडी तयार करून घेतो. मोबाईल नंबर विद्यार्थ्याचा किंवा आई-वडिलांचा. पासवर्ड घरातल्या वहीत. सायबर कॅफेत जाऊन टाईप करून घ्यायला हरकत नाही, सगळ्यांकडे संगणक नसतो. पण ओटीपी आपल्याच फोनवर आला पाहिजे, आणि शेवटचं बटण दाबताना स्क्रीनसमोर मुलगी बसलेली पाहिजे.