जुन्या सोबत्यांची पंगत

दप्तर जड झाले, अशी तक्रार तुम्ही नेहमी करता. आता पाठीवर वीस-पंचवीस किलो ओझे घेऊन डोंगर चढण्याची कल्पना करा!

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स ही डोंगररांग आहे. तेथे ॲपलेशियन माउंटन क्लबची गिर्यारोहकांसाठी आठ विश्रामगृहे आहेत. त्यांतील पहिले मॅडिसन शिखराजवळ १८८८ साली बांधले गेले. हंगामाच्या आरंभी जड सामान हेलिकॉप्टरने येते. पण ताजी भाजी, अंडी असे पदार्थ पाठीवरूनच न्यावे लागतात. लाकडी चौकटीवर खोकी रचून दोरीने घट्ट बांधतात. बांधणी चुकली, तर ओझे एका बाजूला झुकते आणि दगडांवर तोल जातो. उतरताना कचरा खाली आणायचा असतो.

हे काम करणारे बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी असतात. तेच हमाल, तेच स्वयंपाकी, तेच वाढपी! (‘हमाल’ हा शब्द मूळचा अरबी आहे.)

पूर्वी हे काम केलेल्यांची एक संघटना आहे. त्यांचे दरवर्षी स्नेहभोजन होते. पांढऱ्या केसांचे आजोबा आणि नुकतेच काम सोडलेली मुलेमुली एकाच पंगतीला बसतात. कोणी किती ओझे वाहिले, यावर गप्पा रंगतात. ते आकडे दरवर्षी थोडे वाढत असावेत, असा मला संशय आहे! एरवी पाहुण्यांना वाढणारे हे लोक त्या दिवशी निवांत जेवतात. वयात पन्नास वर्षांचे अंतर असले, तरी कोणत्या चढावर दम लागतो, हे एकमेकांना सांगावे लागत नाही.