सभासद शिक्षण : साथीचा रोग आणि हातावरचे पोट



रोगाची साथ म्हटली की दवाखाना, औषध, इंजेक्शन एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत ज्यांना रोग शिवलाही नाही अशा कोट्यवधी माणसांची मिळकत बुडाली. असे का झाले आणि आपल्यासारख्या विकसनशील देशांना त्याची झळ जास्त का बसली, हे या पाठात पाहू. आपल्या उसाच्या फडातल्या माणसांशी याचा थेट संबंध आहे. म्हणून हा पाठ सवडीने वाचावा आणि घरातही वाचून दाखवावा.

१) रोगाआधी बेकारी

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा माणसे शहर सोडून पळाली. गिरण्या चालू, पण मजूर नाही, अशी गत झाली. मजूर टिकावा म्हणून मालकांना रोजची मजुरी रोज मोजावी लागली. २०२० साली नेमके उलटे घडले. मजूर हजर होता, पण कामच बंद झाले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि बांधकाम, हॉटेल, वाहतूक, बाजार हे सगळे एका रात्रीत थांबले.

शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मार्च २०२० मध्ये तिथे रोगी मोजकेच होते. पण युरोप-अमेरिकेतली दुकाने बंद झाली आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी ३०० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या कपड्यांच्या मागण्या रद्द केल्या किंवा अडकवून ठेवल्या. शिलाईच्या कारखान्यांतल्या बायांचे काम रोग येण्याआधीच गेले. गिऱ्हाईक एका देशात आणि मजूर दुसऱ्या देशात असला की असे होते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगभर कामाचे जेवढे तास बुडाले ते साडेपंचवीस कोटी माणसांच्या पूर्ण वेळच्या कामाइतके होते.

२) पगारपत्रक आणि हातावरचे पोट

सर्वांचे नुकसान मात्र सारखे झाले नाही. ब्रिटनमध्ये काम थांबलेल्या नोकरदाराचा ८० टक्के पगार, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकारने भरला. हे शक्य झाले, कारण त्याचे नाव, पगार आणि बँकखाते आधीच दप्तरी होते. आपल्याकडे दर दहा कामकऱ्यांपैकी जवळपास नऊ जण असंघटित. त्यांचा ना हजेरीपट, ना फंड, ना रजा. आज काम केले तर आज चूल पेटणार. अशा माणसाला मदत द्यायची म्हटले तरी सरकारने ती कोणत्या पत्त्यावर पाठवायची?

एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत देशाचे एकूण उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घटले. शेतीचे उत्पन्न मात्र थोडे वाढले. पण पीक चांगले येणे वेगळे आणि पैसा हातात येणे वेगळे. हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद पडल्यावर दुधाचे भाव कोसळले. राज्य शासनाला रोज १० लाख लिटर दूध घेऊन भुकटी करण्याची योजना आखावी लागली. उसाला निदान कायद्याने ठरलेला किमान दर आहे. भाजीला आणि फुलाला तोही नाही.

३) गावाने सांभाळले, पण कसे?

शहरातला मजूर गावी परतला. देशातल्या कामकऱ्यांत शेतीवर असलेल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये साडेबेचाळीस टक्के होता. २०२०-२१ मध्ये तो साडेशेहेचाळीसवर गेला. वरवर पाहता रोजगार वाढला. पण तीन एकरांत जिथे दोघे राबत होते तिथे चौघे राबले तर एकरी टनेज दुप्पट होत नाही. भाकरी तीच, वाटेकरी वाढले. अर्थशास्त्रात याला छुपी बेकारी म्हणतात.

अशा वेळी दोन गोष्टी कामी आल्या. पहिली रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही वाट घालून दिली आणि १९७७ साली त्याचा कायदा केला. पुढे ती देशभर गेली. या कामांवर २०१९-२० मध्ये सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस भरले होते. २०२०-२१ मध्ये ते ३८९ कोटींवर गेले. दुसरी गोष्ट रेशन. एप्रिल २०२० पासून सुमारे ८० कोटी लोकांना माणशी दरमहा ५ किलो जादा धान्य फुकट जाहीर झाले. पण ज्याचे कार्ड गावी आणि जो स्वतः परमुलखात अडकला, त्याच्या हाती ते कसे पडणार?

४) आपल्या फडातला माणूस

आता आपल्या दाराशी येऊ. टाळेबंदी लागली तेव्हा राज्यातल्या ३८ साखर कारखान्यांच्या परिसरात सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर अडकले होते. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने तपासणी करून त्यांना गावी जाण्यास परवानगी दिली. तोवर तीन आठवडे गेले होते. मजुरीचा मोठा भाग उचल म्हणून हंगामाआधीच घेतलेला, म्हणजे हाती रोकड थोडी. आणि उन्हाळ्यात गावाकडे मिळणारी कामेही बंद. अशी माणसे पुढच्या हंगामाची उचल आधीच मागतात आणि कर्ज वर्षामागून वर्ष पुढे सरकते.

इथे सभासदांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उचल मुकादमाच्या हाती जाते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोईवर वाहून गाडी भरते, पण नोंदीत तिचे नाव क्वचितच येते. टाळेबंदीत जनधन खातेदार महिलांना सरकारने तीन महिने दरमहा ५०० रुपये दिले. रक्कम लहान होती, पण मुकादमाकडे न जाता तिच्या नावाने गेली. नाव नोंदलेले होते म्हणूनच ती पोचली.

त्यानंतर काही पावले पडली आहेत. २०२१ मध्ये असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली. २०२२ पर्यंत सर्व राज्यांत कोठेही रेशन घेण्याची सोय झाली. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत असे ठरले. पण कागदावरची सोय टोळीच्या खोपीपर्यंत आपोआप चालत येत नाही.

५) आपण काय करावे?

आमचे सांगणे थोडके आहे. टोळी उतरली की गटवार यादी व्हावी आणि तीत बाईचे नाव वेगळे लिहावे. नाव, गाव, रेशनकार्डाचा नंबर आणि बँकखाते एवढे पुरे. गटाच्या चिटबॉयने हे काम दोन दिवसांत उरकता येते. ज्यांची नोंदणी नाही त्यांची कारखान्यावरच करून घ्यावी. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती आल्यावर याद्या करायला बसलो, तर मदत पोचेपर्यंत माणूस पायी निघालेला असेल.

गट बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शेतात मागील हंगामात ऊस तोडलेल्या टोळीत बाया किती होत्या? त्यांची नावे कोठे नोंदली आहेत का?
२. उद्या महिनाभर बाजार बंद राहिला, तर आपल्या घरची कोणती मिळकत चालू राहील आणि कोणती थांबेल?
३. ‘शेतीत माणसे वाढली’ ही नेहमीच चांगली खबर असते का? कारणे सांगा.